पाहुणीचा कौल

११ मार्च, सोमवार

थुंकता येत नाही मला! सेहेचाळीस वर्षांची बाई, पदवीधर, पक्की सरकारी नोकरी — आणि साधं थुंकता येत नाही.

वाइनरीवाल्या बाईंनी आधी करून दाखवलं. घोट तोंडात घोळवायचा, ओठांचा चंबू करायचा, आणि एकच धार पिकदाणीत. ताईंची धार पहिल्याच खेपेला बरोबर मध्यावर. पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली माझी ही नणंद, तिला काय कठीण! "बाटल्या आणि नळ्यांतच जन्म गेला माझा," म्हणाल्या. माझी धार हनुवटीवरून थेट पांढऱ्या शर्टावर. नवरा इतका हसला की त्याचा घोट तो गिळूनच बसला. मग दर वेळी गिळतच राहिला. गाडी ताईंनी चालवली.

पण खरी पंचाईत थुंकण्याची नाही. ग्लास नाकाशी नेला की ती सुरू होते. बाई विचारतात, "काय काय येतंय?" सगळे डोळे मिटतात. मीही मिटते. आणि मला येतो तो फक्त काचेचा गारवा.

हे इथे लिहिलंच पाहिजे. दुसरीकडे कुठे लिहिणार?

दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझे वास गेले. सगळे. डॉक्टर म्हणाले, येतील परत — कदाचित. तेव्हापासून नवरा रोज सकाळी काहीतरी माझ्या नाकाखाली धरायचा. कॉफी, साबण, लिंबाची साल, एकदा चक्क रंगकामाचं टर्पेंटाइन. "हे येतंय? बरं, हे?" मी "नाही" म्हटलं की चेहरा असा पडायचा, जणू आजारी तोच आहे. रोज. आठ महिने. एका सकाळी त्याने लिंबाची साल धरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "आलं!"

तो नाचला. अक्षरशः. स्वयंपाकघरात, साल हातात धरून. मग फोनवर फोन — ताईंना, माझ्या आईला, ऑफिसात. दुपारपर्यंत माझं खोटं इतकं लांब जाऊन पोचलं होतं, की परत आणायला गाडी करावी लागली असती.

त्याला सोळा महिने झाले. आणि ही सहल — पाच दिवस, घरगुती लहान वाइनऱ्या, एकेका कुटुंबाने चालवलेल्या — माझ्या नाकाच्या सन्मानार्थ आहे! "परत आलंय तर जरा मिरवू दे त्याला," म्हणतो.

मी वजनमापे तपासणी खात्यात आहे. पाच ग्रॅमच्या लबाडीसाठी दुकानदाराच्या तराजूला सील ठोकते.


१२ मार्च, मंगळवार

युक्ती सापडली. कधीही पहिलं बोलायचं नाही. आधी दुसऱ्यांना बोलू द्यायचं, त्यांचे चेहरे बघायचे, मग त्यांच्याच बोलण्याला थोडी मुरड घालून परत द्यायचं. कुणी म्हणालं "लाल फळं", की आपण म्हणायचं, "हो, पण जरा जास्त पिकलेली." कुणी नाही म्हणत नाही!

आजची वाइनरी म्हणजे एका निवृत्त जोडप्याचं गॅरेज. गाडी बाहेर उन्हात, पिंपं आत सावलीत. काका म्हणाले, "लवंग येते बघा यात." काकूंनी लगेच, "कसली डोंबलाची लवंग! भिंतीची ओल आहे ती. तीन वर्षं सांगतेय, रंग लावा, रंग लावा." काका म्हणाले, "पिंपाला रंग लावू का?" मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले, वेळ काढला. "दोन्ही," म्हणाले.

दोघेही खूश! काकूंनी मला चीजचा वेगळा तुकडा दिला. नवरा तर ज्याला त्याला सांगत होता, "हिचं नाक गेलं होतं हो, परत आलं ते दुप्पट होऊन!" ते चीज मी हळूच रुमालात गुंडाळलं.

गाडीत ताई आरशातून बघत म्हणाल्या, "तू नेहमी शेवटी बोलतेस गं."

"विचार करून बोलते."

"हं," म्हणाल्या. त्यांचं "हं" म्हणजे कोऱ्या उत्तरपत्रिकेवरची लाल रेघ.


१३ मार्च, बुधवार

आजची वाइनरी बंद. दारावर खडूने लिहिलेली पाटी: "आजोबा झालो. उद्या या." उद्या आम्ही दुसरीकडे असू. ताईंनी खाली खडूनेच "अभिनंदन" लिहिलं आणि आजोबांच्या अक्षरातली एक मात्राही दुरुस्त केली.

नाकाला सुट्टी. फार बरं वाटलं.


१४ मार्च, गुरुवार

आज मी काय करून बसलेय, ते नीट क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की कदाचित कमी वाईट दिसेल.

वाइनरी उतारावर. वेली अजून नुसत्या काठ्या, पण अंकुरांचे डोळे फुगलेले. घरात तिघंच. वडील — साठीच्या पुढचे, उंच, पँटच्या खिशात कायम खडू. थोरला मुलगा, चाळिशीला आलेला, हात पिंपासारखेच काळपट. आणि धाकटी, सत्तावीस-अठ्ठावीसची, रबरी बूट, केसांत पेन्सिल. आल्या आल्या मला म्हणाली, "काकू, पायऱ्या जपून." काकू! नवऱ्याला "सर" म्हणाली आणि मला काकू!

तळघरात सहा पायऱ्या उतरून जायचं. डाव्या भिंतीला थोरल्याची सहा पिंपं, उजवीकडे धाकटीची सहा. द्राक्षं एकाच बागेतली, पण पद्धत ज्याची त्याची. तो वाइन तळाला बसलेल्या गाळावरून लवकर काढतो, नव्या लाकडात ठेवतो. ती गाळावरच राहू देते, जुन्या लाकडात, आणि पिंप शक्यतो उघडत नाही. "ती कोंडून मारते," थोरला म्हणाला. "आणि हा लाकूड पाजतो," ती म्हणाली. वडील म्हणाले, "झालं? आता पाहुण्यांना पुढे जाऊ द्या."

घराचं लेबल मिळतं ते एकाच्याच वाइनला. दुसऱ्याची टँकर येऊन घेऊन जातो, कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात सगळ्यांच्यात मिसळायला. कुणाची ठेवायची ते घरच्यांनी ठरवायचं नाही, हा वडिलांचा नियम. का? तर तरुणपणी ते आणि त्यांचे भाऊ एका पिंपावरून भांडले आणि मग अकरा वर्षं बोलले नाहीत. "अकरा वर्षं. वाइन तर दोघांच्याही लक्षात नाही आता," म्हणाले. तेव्हापासून दर वर्षी याच आठवड्यात जो नवखा पाहुणा येईल, त्याच्यापुढे दोन ग्लास ठेवायचे. पाहुण्याचा शब्द शेवटचा. त्यावर घरात कुणी एक अक्षर बोलायचं नाही.

"यंदा तुमच्यातलं कोण?" त्यांनी विचारलं.

"ही!" नवरा म्हणाला. प्रश्न संपायच्या आत.

"यापूर्वी किती वाइनऱ्या पाहिल्या बाई तुम्ही?"

"दोन," मी म्हणाले. "आणि एक बंद होती."

"मग चालेल."

मी नाही म्हणणार होते. खरंच. तोंड उघडलं होतं. पण नवरा असा बघत होता — शाळेच्या स्नेहसंमेलनात आपलं पोर रंगमंचावर येतं तेव्हा आईबाप बघतात ना, तसा. तोंड मिटलं मी.

तरी वाटलं, चेहरे बघून निभावेल. थोरल्याच्या भुवया, धाकटीचे हात, काहीतरी कळेलच. आणि वडील म्हणाले, "चला, भिंतीकडे!" तिघंही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले! गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे, ओळीने. नवऱ्याला आणि ताईंनाही त्यांनी तसंच उभं केलं. पाहुण्याने कुणाचा चेहरा वाचू नये म्हणून. पाच पाठी माझ्याकडे, आणि मधे एका उभ्या पिंपावर दोन ग्लास. बुडाला खडूने एकावर गोल, एकावर फुली.

युक्ती तिथेच मेली.

नाकाशी ग्लास नेला, सवयीने. गारवा. दुसरा. गारवा. मग मी ठरवलं की निदान तोंडात जे आहे ते तरी प्रामाणिकपणे बघू. जीभ आहे की मला! आंबट, कडू, तुरट एवढं कळतं. गोलाचा ग्लास पुढेच थांबला, हिरड्यांवर रंधा न मारलेल्या फळीसारखा खरखरला, आणि संपला. फुलीचा — कसं लिहू — जिभेच्या दोन्ही कडांनी सरळ आत गेला, ताणलेल्या दोरीसारखा, आणि गिळल्यावरही ती दोरी तशीच ताणलेली. मी मनात आकडे मोजले. सतरापर्यंत.

"फुली," मी म्हणाले.

पाठी हलल्या नाहीत. मग धाकटी अशी वळली की केसांतली पेन्सिल खाली पडली. "फुली? नक्की?"

"नक्की. स्वच्छ आहे ही," मी म्हणाले.

स्वच्छ! हा शब्द मी कुठून आणला?

मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी त्या वाइनचा एकेक घोट घेतला. थोरल्याने ग्लास नाकाशी नेला, खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. वडील खोकले. ताईंनी ग्लास नाकाशी नेला आणि न पिताच ठेवून दिला. नवरा म्हणाला, "वा."

वडिलांनी खडूने उजव्या बाजूच्या पहिल्या पिंपावर आजची तारीख आणि माझं नाव लिहिलं. निघताना धाकटीने माझे दोन्ही हात धरले. "काकू, दोन वर्षं हरतेय मी. यंदा हरले असते तर सोमवारी जाणार होते. कारखान्यातल्या नोकरीचं पत्र स्वयंपाकघराच्या खणात आहे. आज फाडते."

मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कुणाचं तरी इतकं भलं झालं.


१५ मार्च, शुक्रवार

सडकं अंडं.

न्याहारीला उकडलेली अंडी होती. नवऱ्याने एक सोललं आणि हसत म्हणाला, "काल तुझी कमाल झाली बुवा. मला तर त्या वाइनला चक्क सडक्या अंड्याचा वास आला! पण तू स्वच्छ म्हणालीस, म्हणजे माझंच नाक बिघडलंय. परत गेलो की दाखवून येतो डॉक्टरांना."

ताईंनी चमचा खाली ठेवला. "तुझं नाक ठीक आहे. गंधकाचा वास होता तो. सातवीच्या पोरालाही कळेल." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "हिला का कळला नाही, ते हीच सांगेल."

सांगितलं. तिथेच. पाव तसाच हातात होता. लिंबाच्या सालीपासून सगळं.

त्याने सोललेलं अंडं परत ताटलीत ठेवलं. मग म्हणाला, "सोळा महिने?"

"हो."

"मी लसूण परतायचो तेव्हा तू स्वयंपाकघरात येऊन म्हणायचीस, वा, काय वास सुटलाय!"

"परतण्याचा आवाज यायचा."

तो उठून बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, वाहनतळावर गोल गोल फिरत. मी जाऊ लागले तर ताईंनी हाताला धरून बसवलं. "चार फेऱ्या मारू दे. लहानपणापासून चार लागतात त्याला."

पाच लागल्या. आत आला आणि पुढ्यात उभा राहून म्हणाला, "ते आफ्टरशेव्ह! माझ्या वाढदिवसाला तू म्हणालीस, किती छान येतो याचा वास. तेव्हापासून मी रोज लावतो. रोज! मला स्वतःला ते मुळीच आवडत नाही. डोकं उठतं माझं!"

"तुझं एकट्याचं?" ताई म्हणाल्या. "मी गाडीच्या काचा कशाला खाली ठेवते, थंडी आवडते म्हणून?"

आणि मग आम्ही तिघंही हसलो. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं इतकं. हसता हसता मला रडू आलं, आणि त्याचेही डोळे ओले झाले. पण एक सांगते. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "रोज विचारायला नको होतं ना मी?" तेच जास्त लागलंय.


१५ मार्च, दुपारी

आता ते पिंप. त्यावर माझं नाव आहे.

नवरा म्हणतो, जाऊ दे, नियमच आहे त्यांचा, पाहुण्याचा शब्द शेवटचा. बोललीस तर ती पोरगी सोमवारी चालती होईल. हे खरं आहे. न बोलले तर थोरल्याची चांगली वाइन टँकरमध्ये जाईल, आणि घराच्या लेबलाखाली सडकं अंडं. हेही खरंच आहे. ताईंना विचारलं. "मी फक्त रसायनशास्त्राचं सांगू शकते," म्हणाल्या.

एखाद्या दुकानदाराने माझ्याजवळ येऊन म्हटलं असतं, "बाई, माझा काटा खोटा आहे, पण खरं सांगितलं तर कुणाचं तरी नुकसान होईल," तर मी काय केलं असतं? पुढचा कागदही न वाचता सील ठोकलं असतं.

तेव्हा माझ्या मनात जराही कालवाकालव झाली नसती. हे लक्षात ठेवायला हवं.

उद्या परत जायचं.


१६ मार्च, शनिवार

गेलो. तिघं तळघरातच होते. मी पायऱ्यांवर उभं राहूनच सांगून टाकलं. खाली उतरले असते तर धीर गेला असता.

"मला वास येत नाही. दोन वर्षं. परवा मी जो कौल दिला तो बिननाकाचा होता. मला आधी सांगायला हवं होतं."

पहिला आवाज धाकटीचा. "मग कशाला आलात परत?" ओरडलीच ती. "जायचं होतं ना आपल्या घरी! पत्र फाडलं मी!"

"तुकडे आहेत खणात," थोरला म्हणाला. "मी ठेवलेत."

"चिकटवून दे मग! आनंदाने दे!"

"तुला घालवायला नाही ठेवले," तो म्हणाला. "फाडल्याचं उद्या पस्तावशील म्हणून ठेवले."

वडील मधे पडले. मग म्हणाले, "आपल्या नियमात पाहुणा नवखा हवा एवढंच आहे. नाकाचं काही ठरलेलं नाही." मग मला, "बाई, वास नाही आला. मग फुली का म्हणालात? आकडा लावलात?"

मी जे तोंडात वाटलं तेच सांगितलं. रंधा न मारलेली फळी, ताणलेली दोरी, सतरापर्यंत मोजलेले आकडे. ते ऐकत राहिले. मग त्यांनी नळीने दोन्हीकडची वाइन काढली, डाव्या हाताने स्वतःचं नाक चिमटीत धरलं, आणि प्यायले.

"बाबा!" धाकटी म्हणाली.

"ध... ध...!" म्हणजे "धरा, धरा" असावं. नाक बंद होतं ना!

धाकटीने धरलं. नवऱ्याने धरलं. ताईंनी पदवीधर बाईला शोभेल अशा बेताने, दोन बोटांनी धरलं. तळघरात चार माणसं नाकं चिमटीत धरून गंभीरपणे वाइन पीत होती आणि मी, जिला धरायची गरज नाही ती, पायरीवर उभी राहून हसू दाबत होते. थोरल्याने मात्र धरलं नाही. हाताची घडी. "मला नाक दिलंय ते वापरायला. गिऱ्हाईक काय चिमटा लावून पिणार?"

"बरोबर आहे त्याचं," मी म्हणाले. आहेच बरोबर.

ताई पुढे झाल्या. पस्तीस वर्षं वर्गापुढे उभ्या राहिल्या तशा. "वाइन सडलेली नाही. गाळावर हवेशिवाय कोंडली की असा वास धरते. हवा द्या, दुसऱ्या पिंपात ओता. तांब्याने हा वास उतरतो, तांब्याची पट्टी आहे का घरात?" स्वयंपाकघरातून धाकटीने तांब्याचा एक जुना डाव आणला. ताईंनी तो घासूनपुसून ग्लासात फिरवला आणि थोरल्यापुढे धरला. "घ्या वास."

त्याने घेतला. परत घेतला.

"कमी झालाय," शेवटी म्हणाला. "गेला नाही. कमी झालाय." आणि मग बहिणीला, "मी मागल्या महिन्यातच सांगणार होतो तुला. पिंप उघड म्हणून. पण तू म्हणाली असतीस, हा खोडा घालतोय."

"म्हणालेच असते," धाकटी म्हणाली.

मग थोरल्याने ग्लास वर केला, आमच्याकडे पाठ फिरवली, आणि — मी शपथेवर सांगते — नाक चिमटीत धरलं. पाठ केली तरी कोपर दिसतंच की!

वळला तेव्हा त्याने डाव घेतला आणि थेट उजवीकडच्या पिंपांकडे गेला. "सगळी ओतून काढायला दोन दिवस लागतील," म्हणाला. "सोमवारी कुणी कुठे जाणार असेल तर मला एकट्याला जमणार नाही."

"दोरी आहे खरी," म्हणत वडिलांनी खडू काढला. वाटलं, माझं नाव पुसतील. त्यांनी नावापुढे लिहिलं: "जिभेने".

धाकटीने निघताना माझे हात धरले नाहीत. पण "पायऱ्या जपून, काकू," म्हणाली. मला तेवढं पुरलं.


१७ मार्च, रविवार

घरी. आल्या आल्या आफ्टरशेव्हची बाटली दोघांनी मिळून कचऱ्यात टाकली. ताईंनी फोनवर टाळ्या वाजवल्या.


२० मार्च, बुधवार

आज सकाळी त्याने कॉफीचा डबा उघडला. नकळत हात माझ्या दिशेने आला, मधेच थांबला आणि माघारी गेला. त्याने कॉफी करायला घेतली.

मी "विचार" म्हणायला हवं होतं का? दिवसभर ठरत नाहीये.


२३ मे, गुरुवार

धाकटीचं कार्ड. तीनच ओळी. "वास जवळजवळ गेला. दादा अजून या वाइनला अंडंच म्हणतो. मी अजून इथेच."

कार्ड ऑफिसात टेबलाच्या काचेखाली लावलंय. एका दुकानदाराने वाचून विचारलं, "बाई, कोंबड्या पाळता का?"


९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पार्सल आलं. एक बाटली. घराचं लेबल, मागे थोरल्याच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली: "उघडून अर्धा तास थांबा. घाई असेल तर आधी खिडक्या उघडा."

नवरा पाव आणायला गेलाय. मी बूच काढलं, ग्लासात ओतली, सवयीने नाकाशी नेली.

ग्लास खाली ठेवला. उचलून परत नाकाशी नेला.

नाही, असं नाही चालणार. अंड्याचं मला आधीच सांगितलेलं आहे, ऐकलेलंच आठवत असेल. तपासायला हवं. स्वयंपाकघरात गेले. कॉफी: नाही. साबण: नाही. लिंबाची साल: नाही. लसूण: नाही. चार ग्लास एकसारखे घेतले, तिनांत जुनीच लाल वाइन, एकात ही. डोळे मिटून इतके फिरवले की मलाच कळेना कुठला कुठे. चारही नाकाशी नेले. तिन्हींत काचेचा गारवा. एकात —

परत फिरवले. परत तोच. तीन वेळा केलं.

जिन्यात त्याची पावलं वाजतायत. या वेळी मी काही सांगणार नाही. तो आत येईल, त्याच्यापुढे ग्लास धरेन आणि विचारेन, "हे काय येतंय?" पण तो बोलायच्या आधी इथे शाईने लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणाला, मलासुद्धा, म्हणता येणार नाही की मी ऐकून सांगितलं:

सडकं अंडं.